गेले कोण, आले कोण? पनवेलहून पाहिलेली मुंबई सिटी

२ ऑक्टोबर २०२४ ला सर्वपित्री अमावास्या होती आणि गांधी जयंतीची सुट्टीही. घरोघरची पानं उठल्यावर, चार-साडेचारच्या सुमारास, पनवेल स्टेशनच्या हार्बर फलाटावर आकाशी निळे शर्ट दिसू लागले. आधी दोघे-तिघे, मग पाच-सहा. पुढे मानसरोवरला कामोठ्याची मंडळी चढली, खारघरला आणखी काही. सगळे निघाले होते अंधेरीला. मुंबई सिटी एफसीचा या हंगामातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता आणि समोर बेंगळुरू एफसी.

त्यातल्या एका शर्टाच्या पाठीवर ‘अपुइया’ असं नाव होतं. अपुइया म्हणजे मिझोरामचा लालेंगमाविया राल्ते. तीन हंगाम त्यानं मुंबईचा मधला भाग सांभाळला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो मोहन बागानला गेला. तरीही हा शर्ट का, असं विचारलं तर पोरगा म्हणाला, “गेला तो गेला. पण जे खेळला ते आमच्यासाठीच खेळला ना?”

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘आपलं आणि परकं’ हा विषय दिला, तेव्हा मला आधी हीच माणसं आठवली. फुटबॉलच्या चाहत्याला हा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडतो. मे महिन्यात ज्याच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडलो, तो ऑगस्टमध्ये दुसऱ्याच रंगात दिसतो. आणि ज्याचं नाव धड उच्चारता येत नाही, तो आपला होतो. संघ कसा आहे, काय चुकतंय, कुठं भर पडली, हा हिशेब ही माणसं कसा मांडतात ते पाहायला मी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो.

दोन सामने, एक गुण

गाडी सुटली तेव्हा परिस्थिती अशी होती. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, खचाखच भरलेल्या मैदानात, मुंबईनं मोहन बागानला ३-१ नं हरवून इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक जिंकला होता. पहिला गोल बागानचा, मग पेरेरा डियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोयतुश यांचे तीन. त्याच मैदानावर १३ सप्टेंबरला नवा हंगाम सुरू झाला. ऐन गणपतीत. अर्ध्या तासात मुंबई ०-२ नं मागे पडली, शेवटी २-२ अशी बरोबरी झाली. २१ सप्टेंबरला जमशेदपूरला २-३ अशी हार. विजेत्या संघाच्या खात्यात दोन सामन्यांत एक गुण.

सॉल्ट लेकच्या त्या सामन्यात तिरीची कहाणी डोळ्यांत भरण्यासारखी आहे आणि गाडीत ती दोनदा सांगितली गेली. तिरी हा स्पेनचा बचावपटू. नवव्याच मिनिटाला त्याच्याकडून स्वयंगोल झाला, सत्तराव्या मिनिटाला त्यानंच मुंबईचा पहिला गोल केला आणि नव्वदाव्या मिनिटाला सीरियाच्या थाएर क्रूमानं बरोबरी साधली. जुन्या चाहत्यांना यामागचं आणखी एक पान ठाऊक आहे. १३ मार्च २०२१ ला गोव्यात फातोर्ड्याला मुंबईनं पहिल्यांदा चषक जिंकला, त्या अंतिम सामन्यात हाच तिरी समोरच्या एटीके मोहन बागानकडून खेळत होता आणि मुंबईची बरोबरी त्याच्याच स्वयंगोलानं झाली होती. त्या दिवशी त्याच्या चुकीवर नाचलेली माणसं पुढे त्याच्यासाठी घसा ताणू लागली. यात त्यांना काही खटकत नाही, आणि मलाही ते रास्त वाटतं. माणूस कुठल्या रंगात उभा आहे आणि त्या रंगासाठी किती झिजतो, यावर त्याचं आपलेपण ठरतं.

गाडीतली निवड समिती

नेरुळ जाईपर्यंत गेलेल्यांची यादी झाली. कर्णधार राहुल भेके बेंगळुरूला. पेरेरा डियाझ बेंगळुरूला. स्पेनचा आल्बेर्तो नोगेरा, तोही बेंगळुरूला. अपुइया बागानला. ग्रेग स्ट्युअर्ट तर मागच्या हंगामातच मधूनच गेला होता, तोही तोवर बागानच्या संघात. म्हणजे ज्या दोन संघांशी मुंबईची पहिल्या तीन सामन्यांत गाठ, त्यांच्या ताफ्यात मुंबईचेच जुने गडी.

वाशीच्या पुलावर आलेल्यांची यादी निघाली. ग्रीसचा निकोलाओस कारेलिस पुढच्या फळीत. मध्यात डच योएल फान नीफ, स्पेनचा जॉन तोराल आणि जमशेदपूरहून आलेला फ्रेंच जेरेमी मानझोरो. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस. डावीकडच्या बचावाला ओडिशाहून साहिल पंवार, गोलजाळ्यासाठी राखीव म्हणून टी. पी. रेहनेश, गोकुलम केरळहून पी. एन. नौफल. आणि राहिलेल्यांत छांगटे, बिपिन, विक्रम प्रताप सिंग, मेहताब सिंग, गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा. “कणा आहे, सांधे बदललेत,” असा एकानं निकाल दिला. तो खांदेश्वरला फिजिओथेरपीचं शिक्षण घेतो, त्यामुळे त्याची भाषा तशीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं की खेळाडू पैशासाठी पळाले. गाडीतल्यांचं वाचन जास्त बारकाईचं आहे. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी खेळाडूचा करार बहुधा एक-दोन वर्षांचाच असतो आणि मे अखेरीला तो संपतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचं बोलणं पक्कं करता येतं, हा फिफाचाच नियम. त्यामुळे जानेवारीतच कोण जाणार याची कुजबुज सुरू होते. करार संपून गेलेल्या खेळाडूबद्दल क्लबला छदामही मिळत नाही. अपुइयासारखा भारतीय मध्यरक्षक मात्र करार चालू असताना जातो तेव्हा रक्कम मोजून जातो. २०२४-२५ मध्ये परदेशी खेळाडू सहापर्यंत घेता येत, पण मैदानात एका वेळी चारच उतरत. उरलेले सात भारतीय. म्हणून आयएसएलमध्ये संघ तोलताना परदेशी नावांनी दिपून जाऊ नये, सात भारतीय कोण आहेत ते आधी पाहावं, असं या मंडळींचं पक्कं मत. मला ते शंभर टक्के पटतं. छांगटेच्या पाठीवरचा सात नंबर हा या संघाचा खरा आधार आहे, आणि २०२४-२५ मध्ये दंडावर कर्णधाराची पट्टीही त्याच्याच.

नेरुळला होतं ते मैदान

गाडी नेरुळला थांबली तेव्हा डब्यातले काका बोलले. वय पन्नाशीच्या पुढचं, जुन्या पनवेलचे, पोरांबरोबर जाणारे एकटेच वडीलधारे. तरुणपणी ते रोव्हर्स चषकाचे सामने बघायला कूपरेजला जात. १८ ऑक्टोबर २०१४ ला, दिवाळीच्या तोंडावर, मुंबई सिटीचा घरचा पहिला सामना झाला तो इथं, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. पुण्याला ५-० नं हरवलं. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झनं तीन गोल केले. आयएसएलमधली ती पहिली हॅट्ट्रिक. काका तेव्हा पनवेलहून एसटीनं सायन-पनवेल रस्त्यानं आले आणि स्टेडियमसमोरच उतरले.

पनवेलकराचं दुखणं इथं आहे. पहिली दोन वर्षं क्लबचं घर वीस-पंचवीस मिनिटांवर होतं. २०१५ मध्ये सुनील छेत्रीनं नॉर्थईस्टविरुद्ध तीन गोल केले, आयएसएलमध्ये भारतीयाची पहिली हॅट्ट्रिक, ती मुंबईच्या शर्टात आणि याच मैदानावर. २०१६ पासून क्लब अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातल्या फुटबॉल मैदानावर गेला. ते सात-आठ हजारांचं आटोपशीर मैदान, प्रेक्षक गवताला खेटून बसतात, आवाज घुमतो. खेळ बघायला ते नेरुळपेक्षा चांगलंच आहे, यात वाद नाही. पण पनवेलहून सव्वा-दीड तासाची हार्बर, थेट गाडी नसली तर वडाळ्याला बदल, अंधेरीहून मेट्रोनं आझाद नगर, मग चालत. सामना साडेसातला. सुटतो साडेनवाच्या आसपास. परतीची पनवेल गाडी चुकली की फलाटावर ताटकळणं आलंच. दुसऱ्या दिवशी कॉलेज किंवा कामावर हजर.

नेरुळनं मधल्या काळात मोठमोठे सामने पाहिले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातली स्पेन-माली उपांत्य फेरी, २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकाचा स्पेननं जिंकलेला अंतिम सामना. ६ नोव्हेंबर २०२३ ला तर आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीचा अल हिलाल तिथं आला. नेमार त्याच संघात, पण गुडघा दुखावल्यामुळे तो येऊ शकला नाही. मुंबई ०-२ नं हरली. पण त्या रात्री पनवेलच्या पोरांना सामना संपल्यावर अर्ध्या तासात घर गाठता आलं, आणि अजूनही ती रात्र निकालापेक्षा या कारणासाठी जास्त आठवते.

काकांना एक भीतीही आहे. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. मुंबई एफसी २०१७ ला आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. मुंबईत फुटबॉलचे संघ येतात, जीव लावतात, नाहीसे होतात. मुंबई सिटीला तेव्हा, २०१९ पासून, मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपचं पाठबळ होतं, म्हणून पोरं निर्धास्त होती. काका म्हणाले, “बाळांनो, संघ वाईट खेळला तरी चालेल. संघ राहिला पाहिजे.”

पनवेलमध्ये निळा रंग एकटा नाही, हेही इथंच सांगून टाकतो. खारघर आणि नवीन पनवेलच्या मल्याळी घरांत केरळ ब्लास्टर्सचा पिवळा शर्ट सणावाराला इस्त्री होऊन बाहेर येतो. बंगाली घरांत बागान आणि ईस्ट बंगाल यांचं वैर शाबूत. त्यामुळे इथला मुंबईचा चाहता सोसायटीच्या जिन्यावरच वादाला तयार झालेला असतो, आणि आपल्या संघाची उणी बाजू तो कुणी दाखवायच्या आधी स्वतः शोधून ठेवतो.

सहा नंबरची जागा

या संघाची उणी बाजू कुठली, यावर डब्यात फारसं दुमत नव्हतं. बचावफळीच्या पुढ्यात जो मध्यरक्षक उभा असतो त्याला फुटबॉलच्या बोलीत सहा नंबर म्हणतात. त्याचं काम टीव्हीवर दिसत नाही. मधल्या बचावपटूकडे चेंडू आला की हा मागे सरकतो, पाठ शत्रूच्या गोलकडे ठेवून चेंडू घेतो, अंगावर येणाऱ्याला एका वळणात चुकवतो आणि मग पुढं किंवा बाजूला देतो. हे दोन सेकंदांचं काम नीट झालं की सगळा संघ पुढं सरकतो. बिघडलं की चेंडू आपल्याच गोलसमोर तुटतो. अपुइया हे काम इतक्या सहज करायचा की तो आहे हे लक्षातही येत नसे.

खारघरच्या एका मुलीनं, ती स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, वहीच्या मागच्या पानावर मला तिन्ही माणसं काढून दाखवली. फान नीफ हा चेंडू घेऊन पुढं जाणारा. ब्रँडन लांबचा, कापत जाणारा पास देणारा. तोराल गोलच्या जवळ असला तर कामाचा. तिन्ही चांगले, पण तिघांचंही तोंड पुढं. मागं पाहणारा कोण? तिनं सहा नंबरच्या जागी नुसतं वर्तुळ काढलं आणि रिकामं ठेवलं. दोन सामन्यांत पाच गोल खाल्ले त्याचं मूळ तिच्या मते बचावपटूंत नाही, या वर्तुळात आहे. माझ्या पाहण्यात आलेलं हे सगळ्यात नेमकं विश्लेषण.

तिचं आणखी एक निरीक्षण छांगटेबद्दल. तो आत शिरायला लागला की धोकादायक. पण मधून चेंडू वेळेवर आला नाही तर तो रेषेला चिकटून राहतो आणि दोन बचावपटू त्याला कोंडतात. म्हणजे छांगटे फिका वाटला तर दोष छांगटेचा नसतो. २४ एप्रिलची उपांत्य फेरी सगळ्यांना पाठ आहे: गोव्यात ०-२ नं मागे असताना नव्वदाव्या मिनिटापासून तीन गोल, त्यातले दोन छांगटेचे. तो गडी पाच महिन्यांत खेळ विसरत नाही.

अंधेरीत

मैदानात वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा चाहत्यांचा संघ आधीपासून ढोल लावून बसलेला. पनवेलची मंडळी त्यांच्यातच मिसळली. सामन्याच्या तासभर आधी अकरा जणांची नावं फोनवर आली आणि निवड समिती पुन्हा भरली. कोण बाकावर, कोण आत, प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांनी मध्यात कुणाला निवडलं, यावर सगळे तुटून पडले. क्रात्की चेक. डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला निघून गेल्यावर ते डिसेंबर २०२३ मध्ये, हंगामाच्या मध्यात आले आणि चषक जिंकून दिला. त्यामुळे त्यांच्यावर टीका होते, पण सूर आदराचा.

जुन्या गड्यांचं करायचं काय, हा प्रश्न होता. भेके मुंबईचाच मुलगा, चषक उंचावलेला कर्णधार. एक जण म्हणाला, हुर्यो उडवायची. काकांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, “चेंडू पायात असेल तेव्हा ओरडू, नाहीतर नाही.” हा तोडगा सगळ्यांना मान्य झाला.

सामना ०-० सुटला. ऐकायला बेचव वाटतं. पण बेंगळुरू तोवरचे तिन्ही सामने जिंकून आले होते आणि बागानला त्यांनी ३-० नं धुतलं होतं. त्यांचे पहिले गुण अंधेरीत गेले. मुंबईनं हंगामात पहिल्यांदाच गोल खाल्ला नाही. परतीच्या गाडीत चेहरे मात्र लांबलेले. चाहत्याला गोलशून्य बरोबरी पचत नाही, घरच्या मैदानावर तर नाहीच.

टर्फवरचा हिशेब

दोन-तीन रात्रींनी कामोठ्याच्या एका टर्फवर गेलो. जाळीनं वेढलेलं कृत्रिम गवत, तासाच्या दरानं भाडं, दहा-बारा जणांत वर्गणी. कामोठे, खारघर, नवीन पनवेल भागात अशी टर्फ गेल्या काही वर्षांत जागोजागी झाली आहेत आणि रात्री दहानंतर ती भरलेली असतात. गाडीतले तिघे इथं खेळत होते. खेळून झाल्यावर घामेजलेल्या अंगानं जाळीला टेकून पुन्हा तोच विषय.

टर्फवर खेळणाऱ्याला संघाचं वाचन वेगळं जमतं. पाठीमागून कुणी अंगावर येताना चेंडू घेणं किती अवघड, हे ज्याच्या नडगीला लागलंय त्याला सहा नंबरची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पण टर्फ म्हणजे मैदान नव्हे. अकरा जणांचा खेळ, लांबचा पास, जागा ओळखणं, हे पूर्ण मापाच्या गवतावरच येतं. खारघरला सिडकोनं फुटबॉलचं उत्कृष्टता केंद्र उभारलंय. घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, तिथं देशभरातून निवडलेली मुलं येतात. म्हणजे सोयी हाकेच्या अंतरावर आहेत. पण कामोठ्याच्या या टर्फवरच्या चौदा वर्षांच्या पोरानं तिथवर जायचं कसं, कुणी त्याला पाहायचं, हा रस्ता अजून मळलेला नाही. भेके आणि जयेश राणे यांनी मुंबईची मुलं वरच्या पातळीवर खेळू शकतात हे दाखवलं. पनवेल-उरणकडचं नाव निळ्या शर्टावर पाहायचंय, हे मला टर्फवर जेवढ्या वेळा ऐकू आलं तेवढं दुसरं काही नाही.

माझं मत

तीन सामने, दोन गुण, चार गोल केले, पाच खाल्ले. २०२४-२५ च्या तेरा संघांच्या लीगमध्ये चोवीस सामने होते आणि पहिले सहा बाद फेरीत जाणार होते, तेव्हा घाबरण्याचं कारण नव्हतं. २०२०-२१ मध्ये मुंबईनं लीगही जिंकली आणि चषकही, पण तिचा पहिला सामना नॉर्थईस्टविरुद्ध ०-१ असा हरलेला होता. २०२२-२३ मध्ये सलग अठरा सामने न हरता ४६ गुणांसह लीग जिंकली, त्याची सुरुवातही हैदराबादशी ३-३ अशी बरोबरीनं झाली होती. या संघाला सुरुवात जड जाते.

तरी खारघरच्या मुलीच्या वहीतलं ते वर्तुळ खरं आहे. कारेलिस गोल करील, छांगटे करील, पण मध्यात मागं पाहणारा माणूस ठरला नाही तर आघाडी घेऊन ती घालवण्याचे प्रसंग वाढतील. माझ्या मते फान नीफला थोडं मागं खेचून हे काम त्याच्याकडे द्यावं, आणि ब्रँडनला त्याच्या पुढं मोकळं सोडावं. लीग जिंकण्याइतकी खोली मला २०२४-२५ च्या संघात दिसली नाही. पहिल्या सहांत मात्र हा संघ नक्की वाटला.

आणि क्लबला पनवेलच्या वतीनं एक मागणं. हंगामात निदान दोन सामने नेरुळला खेळा. मैदान आहे, रस्ता आहे, रेल्वे आहे, आणि पनवेलपासून वाशीपर्यंत माणसंही आहेत.

हे लिहिलं तेव्हा पुढचा घरचा मोठा सामना समोर होता. ३ नोव्हेंबर २०२४ ला, भाऊबीजेच्या संध्याकाळी, केरळ ब्लास्टर्स अंधेरीत येणार होते. ओवाळणी दुपारी उरकायची आणि हार्बर पकडायची.